तिसऱ्या गावचा संत

ब्रिजिदाला खुर्ची कधीच धार्जिणी नव्हती. बसली न बसली तोच उठायची. शेगडीवर काही नसलं तरी स्वयंपाकघरात डोकावून यायची, खिडकीची झडप अर्धी उघडायची, रस्त्यावर नजर टाकायची आणि झडप पुन्हा लोटायची. शेजारची झेलिन्दा रोज दुपारी कॉफीला यायची. तिला या सगळ्याची सवय होती, तरी एखादे दिवशी तिलाही राहवायचं नाही.

"अगं, तुझ्या पायाला भिंगरी आहे की खुर्चीला खिळे आहेत? मला बघूनच दमायला होतं!"

"तू बस ना निवांत. तुला कोण उठवतंय?"

"तूच! तू उठलीस की वाटतं, दारात कोणीतरी आलं."

अशा बाईचा जन्म दुकानाच्या गल्ल्यामागे गेला, ही तिच्या आयुष्यातली गंमत म्हणा किंवा शिक्षा. कास्तेलवार्नोच्या चौकात नार्दोचं दुकान होतं. बटणं, दोरे, चेन, लोकर, अस्तराचं कापड असलं सगळं तिथे मिळायचं. नार्दो म्हणजे लिओनार्दो, तिचा नवरा. दुकान त्याच्या काकाचं. माल आणणं, लोकांशी गप्पा मारणं, दुपारी पत्ते खेळायला जाणं ही त्याची कामं. बसणं हे काम ब्रिजिदाचं.

दुकानाच्या काचेसमोरच बसथांबा होता. इझेर्नियाहून येणाऱ्या, डोंगरात चढणाऱ्या, दरीत उतरणाऱ्या निळ्या बसगाड्या तिथं उभ्या राहायच्या. गिऱ्हाईक बटणं निवडत असताना ब्रिजिदा बसच्या कपाळावरची पाटी वाचायची. तोर्रेसेका. मोन्तेकुपो. सान्ता जुस्ता. पिएत्राफोस्का. मुलगी ओर्नेल्ला चार वर्षांची झाली तेव्हा तिला बटणांच्या कपाटावर बसवून ब्रिजिदानं अक्षरं शिकवली ती या पाट्यांवरूनच. लहानग्या ओर्नेल्लाला 'पिएत्राफोस्का' एका दमात म्हणता येऊ लागलं, त्या दिवशी गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

ही गावं आमच्या मोलिझे प्रांतातलीच. कोणतंही गाव चाळीस मैलांच्या आतलं. आणि त्यातलं एकही ब्रिजिदानं पाहिलं नव्हतं.

गाडी नव्हती असं नाही. नार्दोकडे दुधी रंगाची गाडी होती. दर रविवारी तो ती आंघोळ घालावी तशी धुवायचा. सीटवर चादर, चादरीवर टॉवेल. ती गाडी तीनच ठिकाणी जायची: कबरस्तानात, वाल्माराला त्याच्या आईकडे आणि वर्षातून एकदा तेर्मोलीच्या समुद्रावर. लग्न नवं होतं तेव्हा ब्रिजिदा म्हणायची, "एकदा वर पिएत्राफोस्काला जाऊन येऊ या का?"

"तिथं काय आहे?"

"काय माहीत. म्हणून तर."

"रस्ता खराब आहे. आणि तिथं आहे काय?"

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. हळूहळू तिनं विचारणं सोडलं, पाट्या वाचणं मात्र सोडलं नाही. एकदा त्यानं तिला गाडी शिकवायला घेतली होती. फाटकाच्या खांबाला दार जरासं घासलं आणि शिकवणी तिथंच संपली. त्या ओरखड्याकडे नार्दो पुढे कित्येक वर्षं जखमेकडे बघावं तसा बघत असे.

माणूस वाईट नव्हता. नाकासमोर चालणारा, आणि नाक नेहमी घराकडे.

तो गेला तेव्हा ब्रिजिदा रडली, वर्षभर काळे कपडे घातले. दुकान बंद झालं. गाडी एका जनावरांच्या डॉक्टरला विकली. आणि एका सकाळी ती चौकातल्या तंबाखूच्या दुकानात गेली, आमच्याकडे बसची तिकिटं तिथंच मिळतात, जायचं-यायचं तिकीट घेतलं आणि समोर उभ्या असलेल्या बसमध्ये चढली. पाटी होती तोर्रेसेका. चढताना तिनं स्वतःच्याच दुकानाच्या खाली ओढलेल्या शटरकडे पाहिलं. बाहेरून ते फार लहान दिसत होतं.

त्यानंतर तिला थांबवणं कठीण झालं. तिची एक पद्धत ठरून गेली. उतरायचं, चढ चढून चर्चपर्यंत जायचं. बंद असेल तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारायचं. बारमध्ये उभ्याउभ्याच कॉफी प्यायची. बटणांचं दुकान असेल तर काचेतून गल्ल्यामागे कोण बसलंय ते बघायचं आणि आत न जाता पुढे व्हायचं. परतीचं तिकीट आधीच पर्समध्ये, कारण तंबाखूवाला जेवायला गेला की संध्याकाळपर्यंत शटर वर जात नाही आणि ड्रायव्हर तिकीट विकत नाही. रस्त्याच्या बरोबर बाजूला उभं राहायचं. बस दिसली की हात चांगला वर करायचा. आमच्याकडे हात न करणाऱ्याला ड्रायव्हर झाड समजतो.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे संत बघायचे. या डोंगरांतल्या निम्म्या बसगाड्या शाळेच्या मुलांसाठी धावतात. शाळा बंद तर बस बंद. आणि प्रत्येक गावाचा आपला रक्षक संत, त्याचा आपला सण, त्या दिवशी त्या गावापुरती सुट्टी. म्हणून निघायच्या आधी ब्रिजिदा दोन संत मनाशी तपासून घ्यायची, आपल्या गावचा आणि जायच्या गावचा. यात ती कधी चुकली नव्हती.

चुकला तो पाय. ईस्टरआधी, लेंटच्या उपासांच्या दिवसांत मोन्तेकुपोला उतरताना बसची पायरी आणि रस्ता यांच्यातलं अंतर तिला उमगलं नाही. मनगट मोडलं. लग्न होऊन बोलोन्याला गेलेली ओर्नेल्ला तिथून गाडी हाकत आली, एक शब्द न बोलता तिला घेऊन गेली. प्लास्टर निघेपर्यंत ब्रिजिदा लेकीच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात राहिली. घर स्वच्छ, जावई शांत, खिडकीखाली वाहनतळ. बस जायची, पण चौथ्या मजल्यावरून दिसायचं तिचं छप्पर. पाटी वाचता यायची नाही. ब्रिजिदा त्या घरात इतक्या येरझारा घालायची की खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, तुमच्याकडे कुत्रा आणलाय का?

परत सोडताना ओर्नेल्लानं वचन घेतलं. "गावाबाहेर एकटी जायचं नाही. पुन्हा एकदा असं काही झालं, मम्मा, तर या घराला कुलूप आणि तू बोलोन्याला. मग रडारड चालणार नाही."

"झालंच तर."

"झालंच तर नाही. वचन दे."

ब्रिजिदानं दिलं. ओर्नेल्ला रोज संध्याकाळी आठला घरातल्या फोनवर बोलायची, आणि मोबाईलवर तिला नकाशात एक ठिपका दिसायचा. तो ठिपका म्हणजे आई.

उन्हाळाभर ठिपका शहाण्यासारखा वागला. ऑक्टोबर लागला, आकाश खाली उतरलं, आणि ब्रिजिदाच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. एक दिवस तिनं मोबाईल स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये नॅपकिनांखाली ठेवला, हातात बाजाराची पिशवी घेतली आणि सान्ता जुस्ताच्या बसमध्ये चढली. आठच्या आत घरी. झेलिन्दाकडे किल्ली होती. दुपारी ती येऊन झडपा उघडायची, म्हणजे गल्लीला वाटावं बाई घरातच आहेत.

"पकडली गेलीस तर माझं नाव घेऊ नकोस," झेलिन्दा बजावायची.

"तुझ्याशिवाय झडपा कोण उघडणार? भूत?"

"भूतच सांग. नार्दोचं सांग."

आता एकच पाटी उरली होती. पिएत्राफोस्का. सकाळी वर जाणारी बस फक्त सोमवारी, बाजाराच्या दिवशी. तंबाखूवाल्यानं सांगितलं की नव्या वर्षापासून तीही बंद होणार. ते ऐकल्यापासून ब्रिजिदाची झोप उडाली. नोव्हेंबरचा पहिला सोमवार येताच तिनं संत तपासले. आपला जूनमध्ये, पिएत्राफोस्काचा ऑगस्टमध्ये. मोबाईल नॅपकिनांखाली गेला.

वर वारा असा होता की डोक्याचा रुमाल धरून चालावं लागे. बाजार म्हणजे दोन गाड्या, एकीवर चीज आणि दुसरीवर पायमोजे. चर्चला कुलूप. किल्ली असलेली बाई ऑलिव्ह तोडायला गेलेली. कारंजं कोरडं, त्यात पानं साठलेली. ब्रिजिदा गल्लीगल्लीतून फिरली. बहुतेक दारांना गंजके अडसर होते. शेवटची गल्ली एका कठड्यापाशी संपत होती, तिथं ती थांबली.

खाली, दोन डोंगरांच्या फटीत, कास्तेलवार्नो दिसत होतं. घंटाघर, चौक, चौकाच्या कडेला करड्या रंगाचा एक ठिपका. ते दुकानाचं शटर. ती ज्या काचेतून आयुष्यभर बाहेर बघत बसली, ती काच तिला पिएत्राफोस्काहून दिसत होती. तिनं कठड्याला घट्ट धरलं. बराच वेळ तिथं उभं राहावं असं तिला वाटलं, पण ते तिच्या हाती नव्हतं. तेवढ्यात नजर उजवीकडच्या डोंगराकडे गेलीच, आणि त्याच्या पलीकडे काय असेल असं मनात आलंच.

दुपारी ती थांब्यावर येऊन उभी राहिली. परतीची बस खालच्या वाल्माराहून यायची. तिथल्या मोठ्या शाळेत शिकणाऱ्या मुलांना पिएत्राफोस्काला सोडून ती पुढे कास्तेलवार्नोला उतरायची. ब्रिजिदा हात तयार ठेवून रस्त्याकडे बघत राहिली. बस आली नाही. ती थांब्यापासून बारच्या दारापर्यंत आणि दारापासून थांब्यापर्यंत फेऱ्या घालू लागली. मुलांना घ्यायला एकही आई आलेली नाही, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

बारचा मालक एर्मान्नो, ढेरपोट्या आणि मिशाळ, दारात येऊन हाताची घडी घालून उभा राहिला.

"सिन्योरा, अहो, कोणाची वाट बघताय?"

"बसची. वाल्माराहून येते ती."

"ती आज कुठली? पोरंच नाहीत तर बस कोणाला आणणार?"

"पोरं का नाहीत? तुमचा संत तर ऑगस्टात असतो."

"आमचा ऑगस्टात. तुमचा?"

"जूनमध्ये. दोन्ही बघून निघालेय मी!"

"वा, हुशार आहात," एर्मान्नो म्हणाला. "पण बस ना आमची, ना तुमची. बस वाल्माराची. आज वाल्माराला काय आहे?"

तिसरं गाव. तिसऱ्या गावचा संत तिनं बघितलाच नव्हता. आणि तो तिला तपासायची तरी काय गरज होती! वाल्मारा नार्दोचं गाव. आज सान लिओनार्दो, संत लिओनार्दोचा दिवस. आज नार्दोचा नामदिन.

आमच्याकडे वाढदिवस एक वेळ राहील, पण ज्या संताचं नाव ठेवलंय त्याचा दिवस राहत नाही. चाळीस वर्षं या दिवशी ब्रिजिदानं खारवलेला मासा भिजवून, वर पावाचा चुरा, अक्रोड आणि बेदाणे घालून भट्टीत भाजला होता. तो गेल्यावरही या दिवशी ती कबरस्तानात शेवंती घेऊन जायची, आणि ओर्नेल्ला आठची वाट न बघता दुपारीच फोन करायची. दोघी थोडं रडायच्या. आजही तिनं केला असणार. आणि ड्रॉवरमधला ठिपका घरीच असल्याचं सांगत असणार.

"बसा, सिन्योरा, बसा. चेहरा पांढरा पडलाय तुमचा."

"मला बसायला सांगू नका," ब्रिजिदा म्हणाली. "फोन आहे का?"

बारच्या फोनवरून तिनं झेलिन्दाला गाठलं. झेलिन्दा कुजबुजत बोलत होती, जसं काही ओर्नेल्ला कपाटात लपून बसली आहे.

"अगं बये, तुझी पोरगी दुपारपासून फोन करतेय! घरचा फोन, मोबाईल, मग माझा. माझी तर जीभच टाळ्याला चिकटली."

"काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, कबरस्तानात गेली. नवऱ्याचा नामदिन ना."

"आणि ती काय म्हणाली?"

"रडली. म्हणाली, मला वाटलंच मम्मा तिथंच असेल. ब्रिजिदा, काही करून आठच्या आत ये आणि मी सांगितलं तेच तू सांग. एवढं कर, मग तुला सान्ता जुस्ताला जायचंय की चंद्रावर, मी झडपा उघडीन."

ब्रिजिदानं फोन ठेवला. एर्मान्नोनं ऐकू येत नसल्यासारखं करत सगळं ऐकलं होतं.

"गाडी काढू का? सोडतो खाली."

"नको." अनोळखी माणसाच्या गाडीतून चौकात उतरलं तर संध्याकाळच्या आत ती बातमी बोलोन्याला पोचली असती. शिवाय गाडीत बसायचं म्हटलं की तिला सीटवरचा टॉवेल आठवायचा.

कोपऱ्यातल्या टेबलापाशी कोट-टोपी घालून तयार बसलेली एक म्हातारी होती. दोनाता तिचं नाव. ती म्हणाली, "मग आमच्याबरोबर चल. पाद्रीबाबांनी बस ठरवलीय, वाल्माराच्या मिरवणुकीला. तिथून तुझ्या गावाला ट्रेन आहे."

"वाल्माराला?" ब्रिजिदा म्हणाली. "सान लिओनार्दो म्हणे कैद्यांच्या बेड्या तोडतो. मला तर त्यानंच अडकवलं."

"अगं, आधी अडकवतो, मग सोडवतो. नाहीतर त्याच्यापुढे मेणबत्त्या कोण लावील?"

चर्चच्या बसमध्ये पिएत्राफोस्काच्या उरल्यासुरल्या सगळ्या म्हाताऱ्या होत्या. सगळ्या एकाच वेळी गात होत्या, पण एकच गाणं नाही. ब्रिजिदा दोनाताशेजारी बसली, उठली, दांडी धरून उभी राहिली, पुन्हा बसली. वळणावळणाला तिच्या डोक्यात तेच फिरत होतं. ओर्नेल्ला रडली. ओर्नेल्लाला वाटतंय आई कबरीपाशी आहे. रस्त्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही, एरवी ती रस्त्यावरून नजर काढत नसे.

"पोटात दुखतंय का?" दोनातानं विचारलं.

"नाही."

"मग बूड टेक की! तुझ्यामुळे मला बस लागतेय."

वाल्माराला पोचल्या तेव्हा दिवे लागले होते. ब्रिजिदानं हा सण आयुष्यभर ऐकला होता, पाहिला कधीच नव्हता. लग्नानंतर दर वर्षी या दिवशी ती सासूच्या स्वयंपाकघरात असायची. कढईत तेल, ओट्यावर पिठाचे गोळे, बाहेर बँडचा आवाज. आवाज जवळ यायचा, खिडकीखालून जायचा, लांब जायचा. सासू म्हणायची, गोळे करपतील, लक्ष दे. आज ती रस्त्यावर, गर्दीत उभी होती. समोरून संताची मूर्ती डुलत आली. मूर्तीमागे माणसांनी खांद्यांवर घेतलेली लांबलचक लोखंडी साखळी. रिवाज असा की साखळी पुढून जाताना प्रत्येकानं ती एकदा धरून हलवायची. ब्रिजिदानं धरली. लोखंड थंडगार होतं. ती इतक्या जोरात हलवली की पुढचा खांदेकरी मागे वळून म्हणाला, "मावशी, तुटेल!"

"तोडायलाच आहे ना?" दोनाता म्हणाली आणि फसकन हसली.

मग ब्रिजिदानं दोनाताचा मोबाईल मागितला. लेकीचा नंबर तिला पाठ होता. बँड इतक्या जवळ होता की तिला एक कान बोटानं बंद करावा लागला.

"मम्मा? हा कोणाचा नंबर? तू आहेस कुठे?"

"वाल्माराला."

मग ओर्नेल्लाचा आवाज मऊ, अगदी लहानपणीसारखा झाला. "बँड ऐकू येतोय मला. मम्मा... तू पप्पांसाठी गेलीस? त्यांच्या सणाला?"

ब्रिजिदाच्या जिभेवर 'हो' तयार होतं. एक अक्षर. तेवढं म्हटलं की संपलं. वचन मोडलं असं कोणी म्हटलं नसतं. उलट ओर्नेल्लानं पुढे कुठेही जाऊ दिलं असतं, नार्दोच्या नावानं. कुलूप नाही, चौथा मजला नाही. साखळी तिच्या समोरून अजून जात होती, खळखळ वाजत. पण त्या एका 'हो'मध्ये पिएत्राफोस्काला ती गेलीच नव्हती असं झालं असतं. आणि यापुढे प्रत्येक बसमध्ये नार्दोला शेजारी बसवून न्यावं लागलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "मी पिएत्राफोस्काला गेले होते. परतीची बस आली नाही म्हणून इथं अडकले. तुझ्या पप्पांचा दिवस मी विसरले, ओर्नेल्ला."

"विसरलीस?"

"साफ."

बँडनं नवी धून सुरू केली. ब्रिजिदा भिंतीच्या कडेला सरकली, तिथून जिन्याच्या पायरीवर, तिथून पुन्हा खाली.

"वचन दिलं होतंस."

"दिलं होतं."

"आणि झेलिन्दा म्हणाली..."

"झेलिन्दाला रागावू नकोस. तिला मी शिकवलं."

"मग तुझा मोबाईल? तो तर घरी दाखवतोय!"

"ड्रॉवरमध्ये आहे. नॅपकिनांखाली."

"म्हणजे मी रोज ऑफिसमध्ये बसून... मी त्या नॅपकिनांकडे बघत होते? कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून."

पलीकडून आलेला आवाज हसण्याचा होता की रडण्याचा, ते ब्रिजिदाला कळलं नाही. बहुधा दोन्ही. मग ओर्नेल्ला कडक आवाजात म्हणाली, "तिथं काय आहे, मम्मा? एवढं खोटं बोलून, एकदा हात मोडून घेतलेला असताना, तिथं आहे काय?"

नार्दोचा प्रश्न, नार्दोच्याच सुरात.

"काही नाही," ब्रिजिदा म्हणाली. "सुकलेलं कारंजं आहे. चर्चला कुलूप आहे. पण गावाच्या टोकाला एक कठडा आहे, तिथून आपलं दुकान दिसतं. आपण दोघी जिथे बसायचो ती काच. तिथून ते दिसत असेल हे मला माहीतच नव्हतं."

दोनाता शेजारी उभी राहून बोटानं मोबाईलकडे खुणा करत होती: बॅटरी, बॅटरी.

"सगळ्यांत लांब पाटी होती ती," ओर्नेल्ला म्हणाली. "पिएत्राफोस्का. मला एका दमात म्हणायला लावायचीस तू."

"म्हणायचीस तूही."

"यावरून माझं मन विरघळलं असं समजू नकोस. मी रागावले आहे. शनिवारी येते. मग घराचं, बोलोन्याचं, सगळ्याचं बोलू."

"ये. पण गाडी आणू नकोस."

"का?"

"गाडी आणलीस की मला तीत बसवून नेशील. नेहमी तसंच होतं. ट्रेननं इझेर्नियापर्यंत ये, पुढे बसनं. माझ्यासारखी चढ, माझ्यासारखी उतर. मग काय बोलायचंय ते बोल, मी ऐकून घेईन."

"मला माहीतसुद्धा नाही बस कुठून सुटते."

"मी सांगते ना! स्टेशनच्या बाहेर डाव्या हाताला तंबाखूवाला आहे, तिकीट त्याच्याकडे घे. जेवणाच्या आधी घे, नंतर तो सापडत नाही. आणि ड्रायव्हर दिसला की हात चांगला वर कर, अर्धा नको..." ब्रिजिदा बोलता बोलता चालायला लागली होती. गर्दीच्या उलट दिशेनं, स्टेशनच्या रस्त्याला. आपला मोबाईल जातोय म्हणून दोनाता धापा टाकत तिच्यामागे. "थांब. थांब जरा. शनिवार म्हणजे सान मार्तीनो."

"मग?"

"मग काय? तो कोणाकोणाचा संत आहे ते आधी बघायला हवं. आपला नाही. इझेर्नियाचा नाही. पण ती बस मधून येते ना, तिसरीकडून..." ती एकदम वळली. "दोनाता! सान मार्तीनो कोणत्या गावाचा?"

"माझ्या माहेरचा!" दोनाता ओरडली. "आधी माझा फोन दे!"

"तुझं माहेर कोणतं?"

"तोर्रेसेका!"

"तोर्रेसेका," ब्रिजिदा फोनमध्ये म्हणाली. तिचे पाय थांबले नव्हते. "ऐकलंस? दुपारची बस त्या बाजूनं येते, ती नसेल. सकाळची घे. पहाटेच निघ."

खाली स्टेशनात एका डब्याची गाडी दिवे लावून उभी होती. डब्याच्या कपाळावर पाटी होती, ती अजून वाचता येत नव्हती. ब्रिजिदानं चाल आणखी वाढवली.

"मम्मा," फोनमधून ओर्नेल्ला म्हणाली, "सकाळची बस कितीला आहे, ते तरी सांगशील का?"